सुखरूप पोचल्याबद्दल उपकारस्तुती

आमची आई वारली.

पण हे मी अजून सांगितलेलं नाही, असं समजा. आमच्या मंडळीत कुठलीही बातमी रविवारच्या उपासनेत जाहीरमामांनी वाचून दाखवेपर्यंत घडलेली धरत नाहीत. लग्न ठरलं, मूल झालं, गायनवृंदाचा सराव एक दिवस पुढे गेला, मागच्या बाकावर कुणाची तरी छत्री सापडली, सगळं आधी जाहीरमामांच्या तोंडून यावं लागतं. एकदा हॉलच्या स्वयंपाकघराला आग लागली, तेव्हा महिला मंडळाच्या बायका बादल्या घेऊन धावल्या खऱ्या, पण पुढच्या रविवारपर्यंत 'आग' हा शब्द कुणी काढला नाही. 'जरा धूर आहे' एवढंच म्हणत होत्या. तेव्हा आई अजून वारलेली नाही. आई खिडकीजवळच्या पलंगावर पडून आहे, आणि पलंग मंडळीचा आहे.

पलंगच कशाला, पाळकांना राहायला दिलेल्या घरातली प्रत्येक वस्तू मंडळीची असते. खुर्च्यांच्या पाठीवर, टेबलाच्या पायांवर, बादलीच्या बुडावर मेथडिस्ट चर्चची आद्याक्षरं रंगवलेली असतात, म्हणजे चोराला पश्चात्ताप झाला तर वस्तू कुठे परत आणायची ते कळावं. आमच्या स्वतःच्या मालकीचं म्हणजे आम्ही तिघं, पप्पांची पुस्तकं आणि एक इस्त्री. दर काही वर्षांनी बिशपसाहेब पप्पांची बदली करत, आणि आम्ही इस्त्री घेऊन निराळ्या रंगाच्या आद्याक्षरांवर जाऊन बसत असू. मेथडिस्ट पाळक व्हायचं तर 'पाठवाल तिथे जाईन' असं आधीच कबूल करावं लागतं. पप्पांनी ते तरुणपणी, आईला न विचारता कबूल केलं होतं. तेव्हा आपली ओळखच नव्हती, हा त्यांचा बचाव. आईला तो कधी पटला नाही.

आईच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि लगेच मिटवलं, चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडल्यावर माणूस करतो तसं. घरी न्या, म्हणाले. मी चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून आले. दुकानाच्या मालकांनी मला निरोपादाखल एक चष्म्याचं घर दिलं. चष्मा मला लागत नाही.

आमचं घर आणि चर्च यांच्यामध्ये फक्त एक फरशी घातलेलं अंगण. आईच्या खिडकीतून चर्चचं बाजूचं दार दिसायचं आणि आतला शब्द न् शब्द ऐकू यायचा. पप्पांचं प्रवचन तिनं आदल्या दिवशीच जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं असायचं, म्हणून तेवढ्या वेळात ती डुलकी काढून घ्यायची. पण आजाऱ्यांसाठीची प्रार्थना सुरू झाली की ती टक्क जागी असायची.

ही प्रार्थना जाहीरमामा चालवत. जाहीरमामा म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. ते रस्त्यानं निघाले की दुकानदार अजूनही उगीचच तराजू पुसायला घेतात. ते प्रत्येक आजाऱ्याचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव सावकाश वाचत आणि थांबत. त्या शांततेत सगळ्यांनी मनातल्या मनात प्रार्थना करायची. मग पुढचं नाव. लाकडाच्या वखारीचे मालक असोत की चर्चचा माळी, शांतता दोघांना सारखीच मिळे. मापात पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

आईचं नाव आलं की ती डोळे मिटायची. शांतता संपली की उघडायची, आणि मला म्हणायची, चहा टाक.

मला वाटायचं ती बरं होण्यासाठी ऐकते. एकदा तसं बोलून गेले, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चष्म्याच्या दुकानात उगीच वर्षं काढली. मला दिसतच नव्हतं.

"बरी कसली होतेय," आई म्हणाली. "मला एक सांग, मला नावानं कोण हाक मारतं?"

मी विचार केला. पप्पा 'अगं' म्हणतात. मी आई म्हणते. मंडळी पाळकबाई म्हणते. बिशपसाहेब मिसेस म्हणतात, आणि ते सगळ्यांच्याच बायकांना तसं म्हणत असल्यामुळे एकदम पाच-सहा जणी वळून बघतात. नावानं हाक मारणारी तिची माणसं केव्हाच गेली होती.

"आता मरायला टेकले तेव्हा कुठे नाव मिळालं," ती म्हणाली. "पूर्ण नाव, आणि वर शांतता. एवढी माणसं माझ्यासाठी गप्प बसतात. बरं वाटतं गं ऐकायला. अशी कुणी बाई होती, असं वाटतं."

तर आईचं सगळं एवढ्यावर आलं होतं. औषध, सूप, कूस बदलणं, हे आठवडाभर. आणि रविवारी नाव.

मग वार्षिक परिषद आली. तिथे बिशपसाहेब नेमणुका वाचतात, आणि कोण कुठे जाणार हे पाळकांना त्याच वेळी, सगळ्यांच्या देखत कळतं. पप्पांचा दुपारी फोन आला. बदली झाली, म्हणाले. ट्रेननं दिवसभराचा रस्ता होता. मी फोन आईच्या कानाला लावला. तिनं विचारलं, "माझं सांगितलंत का त्यांना?" पप्पांचं उत्तर मला बाहेरही ऐकू आलं: "विचारायची पद्धत नाही." आई म्हणाली, विचारू नका हो, नुसतं सांगा. त्यावर पप्पा म्हणाले, परिषदेत जेवण बरं आहे.

शेवटी त्यांनी बिशपसाहेबांच्या हाताखालच्या सुपरिटेंडंटसाहेबांच्या कानावर घातलं. सुपरिटेंडंटसाहेबांना फार वाईट वाटलं. नेमणूक बदलता येणार नाही, कारण एक पाळक हलला नाही तर त्याच्या जागी येणारा अडतो, त्याच्या जागचा अडतो, असं करत करत शेवटी एक पाळक रस्त्यावर उभा राहतो, आणि तो बहुधा सुपरिटेंडंटसाहेबांचा मेहुणा असता. पण त्यांनी मोठ्या मनानं एक केलं. परिस्थिती स्पष्ट होईपर्यंत पाळकबाईंना त्याच खोलीत राहू द्यावं, असं ठरवून दिलं. परिस्थिती स्पष्ट होणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना स्पष्टच होतं.

त्यामुळे पप्पा शनिवारी नव्या ठिकाणी जात, रविवारची उपासना घेत, आणि सोमवारी परत येत. रविवारी ते घरी नसत. नवे पाळक ठरल्या दिवशी सामानाचा टेम्पो, बायको आणि तान्हं मूल घेऊन हजर झाले. हातात टेबललॅम्प घेऊन दारात उभे राहिले आणि आम्हाला बघून तो पाठीमागे लपवला. बिचारे भले होते. त्यांनी संडे स्कूलच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. तिथे सगळ्या खुर्च्या सहा वर्षांच्या मापाच्या, त्यामुळे जेवताना त्यांचे गुडघे कानांजवळ येत. भिंतीवर नोहाच्या तारवातले प्राणी जोडीजोडीनं त्यांच्याकडे बघत. नवी पाळकबाई दिवसातून अनेकदा यायची, काही हवंय का विचारायची, आणि उत्तर मिळायच्या आत आमची चादर धुवायला घेऊन जायची.

बदली लागू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आई उशीला टेकून तयार बसली. जाहीरमामांनी नावं वाचली. माळ्याचा खोकला झाला. वखारवाल्यांचा गुडघा झाला. एका आजींचा मोतीबिंदू झाला. मग ते "आमेन" म्हणाले आणि ऑर्गन सुरू झाला.

आई म्हणाली, "पान चिकटलं असेल."

मी म्हटलं, असेल. चहा टाकू का, विचारलं. ती नको म्हणाली.

उपासना सुटल्यावर मी जाहीरमामांना गाठलं. ते दारात उभे राहून लोकांच्या हातातली गीतांची पुस्तकं परत घेत होते. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि आईची चौकशी केली, इतक्या मनापासून की मला विषय काढायलाच संकोच वाटला. तरी काढला.

"पोरी, तुझी आई मला बहिणीसारखी," ते म्हणाले. "पण पाळकांची बदली झाली की कुटुंबाचं सभासदत्व त्यांच्याबरोबर जातं. दाखला मीच पाठवला, रजिस्टर पोस्टानं."

"ती इथेच आहे, मामा. त्या खिडकीत आहे. इथून दिसतेय."

त्यांनी वळून बघितलं. आईनं हात वर केला. त्यांनीही केला.

"दिसतेय की," ते म्हणाले. "पण आपण आपल्या मंडळीतले आजारी वाचतो. तिला इथे वाचलं आणि तिकडेही वाचलं, तर एका माणसाला दुप्पट जातं. मग ज्याला एकदाच जातं त्याच्यावर अन्याय नाही का? घरी मी तिच्यासाठी रोज गुडघे टेकतो. विचार मामीला. जाहीर करता येणार नाही एवढंच."

दाखला परत मागवा, मी म्हटलं. मागवता येतो, ते म्हणाले; तिकडच्या कमिटीची बैठक भरावी लागेल, आणि त्यांची बैठक नुकतीच भरून गेली होती.

नव्या पाळकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांचा पहिला महिना होता, आणि ते ज्या खुर्चीवर बसून विचार करत होते ती सहा वर्षांच्या मुलाची होती. तरी पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या स्वतःच्या प्रार्थनेत एक वाक्य घुसवलं: "आणि आमच्या शेजारी जे कुणी आजारी आहेत, त्यांनाही." जाहीरमामांना त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांवर प्रीती करायला तर सांगितलेलंच आहे.

"घ्या," आई म्हणाली. "मी शेजारीण झाले."

आता सगळी भिस्त पप्पांवर होती. तिकडे तर तिचं सभासदत्व पोचलं होतं. तिकडे तरी नाव वाचलं जाईल. तिला ते ऐकू येणार नव्हतं, पण वाचलं गेलं असं पप्पांनी येऊन सांगितलं असतं तरी तिनं ते चालवून घेतलं असतं. सोमवारी पप्पा आले. बॅग ठेवली, पलंगाशी बसले, तिच्या पायांवरची चादर नीट केली. आधीच नीट होती.

"वाचलं का?" आईनं विचारलं.

पप्पांनी घडलं ते सांगितलं. तिकडच्या मंडळीनं आधीच्या रविवारी, नव्या पाळकांचं मागे राहिलेलं कुटुंबही सुखरूप पोचावं म्हणून प्रार्थना केली होती. आता प्रार्थना केली म्हणजे पुढच्या रविवारी तिची उपकारस्तुती करावी लागते. तेव्हा त्यांच्या सेक्रेटरींनी उभं राहून, पाळक, पाळकबाई आणि मुलगी सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानले. पाळकबाई प्रवासाच्या शिणामुळे आज घरी विश्रांती घेत आहेत, असंही त्यांनी भर म्हणून सांगितलं. मंडळीला फार आनंद झाला. उपासनेनंतर एकीनं पप्पांच्या हातात पाळकबाईंसाठी फुलं दिली.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"मी सांगणार होतो," पप्पा म्हणाले. "पण ते आमेन म्हणून मोकळे झाले."

आमेननंतर दुरुस्ती कशी करायची, याची काही पद्धत नाही, हे खरं. पप्पांनी फुलं आणली होती. ट्रेनमध्ये फुलांवर कुणीतरी बसलं होतं.

आई हसायला लागली. हसली की पोटात कळ यायची, आणि कळ आली की ती आणखी हसायची. "म्हणजे मी पोचले," असं काहीतरी म्हणत होती. मी तिचे खांदे धरून ठेवले. पप्पा फुलं घेऊन तसेच बसून होते. थोड्या वेळानं हसणं थांबलं, कळ थांबली नाही. आई पप्पांना म्हणाली:

"तुम्ही तरी एकदा म्हणा माझं नाव."

पप्पांनी तोंड उघडलं. मंडळ्याच्या मंडळ्या ज्यांचं बोलणं ऐकून रडल्या, ज्यांना कुणाच्या बारशाला, लग्नाला, मयताला शब्द कमी पडला नाही, ते पप्पा. "अगं," ते म्हणाले. मग फुलांसाठी भांडं शोधायला उठले, आणि भांडं शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

पण आई हार मानणाऱ्यातली नव्हती. दोन दिवस ती छताकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला जाहीरमामांकडे पाठवलं. मला या मंडळीत सभासद व्हायचंय, म्हणाली. दाखल्यावर नाही. नव्यानं. बाहेरून आलेलं कुणीही होतं तसं.

जाहीरमामा खूश झाले. अडचण सुटते आणि नियमही शाबूत राहतो, याहून त्यांना दुसरं काय हवं. फक्त नव्या सभासदाला आधी तयारीच्या वर्गाला बसावं लागतं. मी म्हटलं, मामा, तुमच्या तिन्ही मुलांचा तयारीचा वर्ग आईनंच घेतला होता. ते म्हणाले, फार छान घेतला होता.

तेव्हा नवे पाळक रोज दुपारी पुस्तक घेऊन यायला लागले. पहिल्या दिवशी ते घामाघूम झाले होते. "पाळकबाई, मी तुम्हाला काय शिकवणार," म्हणाले. आई म्हणाली, "शिकवा हो. मला वेळ आहे कुठे, लवकर शिकवा." मग त्यांनी विचारायचं, मंडळी म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, आणि आईनं शाळकरी मुलीसारखं सरळ बघत उत्तर द्यायचं. श्वास पुरत नसला की ती अर्ध्यावर थांबायची आणि नवे पाळक पुस्तकात बोट घालून खाली बघत थांबायचे. त्यांची बायको दारात मूल खांद्यावर घेऊन उभी असायची. सार्वकालिक जीवनाच्या धड्याला मूल ओरडून रडलं. आई म्हणाली, राहू दे, त्याला समजलं.

वर्ग संपला. आईला खिडकीतूनच शपथ देता येईल, एवढी सवलत कमिटीनं दिली. आता एकच अडचण उरली. उपासनेत आजाऱ्यांची प्रार्थना प्रवचनाआधी येते आणि नवे सभासद प्रवचनानंतर घेतात. म्हणजे त्या रविवारी आई सभासद होईल तोवर प्रार्थना उरकलेली असेल. मी जाहीरमामांना म्हटलं, एका रविवारी उलटं करा. नवे पाळकही चाचरत म्हणाले, एकदा बदलायला हरकत नसावी.

"एकदा बदललं की तो क्रम राहत नाही," जाहीरमामा म्हणाले. "नुसतं एकामागून एक होतं. पुढच्या रविवारी पहिलं नाव तिचंच घेतो. माझा शब्द."

मी घरी येऊन सांगितलं. "थांबते की एक रविवार," आई म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

त्या रविवारी नव्या पाळकबाईनं तिचे केस विंचरून दिले. प्रवचनानंतर नवे पाळक झग्यासकट अंगणात आले आणि खिडकीखाली उभे राहिले. मागोमाग मंडळी आली. ज्यांना अंगणात जागा मिळाली नाही ते दारात माना लांब करून उभे होते. नव्या पाळकांच्या हातातल्या कागदावर आईचं पूर्ण नाव मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. पण ऐन वेळी सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्या, झगा वाऱ्यानं तोंडावर आला, आणि त्यांच्या तोंडून निघालं:

"पाळकबाई, तुम्ही प्रार्थनेनं, उपस्थितीनं, दानानं आणि सेवेनं या मंडळीला साहाय्य कराल का?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती काही म्हणेल. पण ते पोर किती घाबरलंय हे तिला दिसलं.

"करीन," आई म्हणाली. "उपस्थितीचं मात्र बघते."

लोक हसले आणि मग हसलो म्हणून ओशाळले. जाहीरमामांनी रुमालानं डोळे पुसले. आई सभासद झाली. आता फक्त एक रविवार.

सोमवारी पप्पा आले आणि मंगळवारी त्यांना परत जावं लागलं, कारण तिकडे एक आजोबा वारले होते आणि त्यांना मातीला पोचवायला पाळक हवे होते. जाताना ते पलंगापाशी बराच वेळ उभे राहिले. ट्रेन चुकेल, आई म्हणाली. बुधवारी दुपारी तिनं मला विचारलं, आज कोण वार? मी म्हटलं, बुधवार. "मग आहे अजून वेळ," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मी सूप गरम करायला गेले. सूप गरम करून आणलं. मग ते तिथेच टेबलावर ठेवलं.

गुरुवारी पुरलं. नव्या पाळकांनी विधी चालवला, आणि पुस्तकात जसं आहे तसं वाचलं: "आपली ही बहीण." पेटीवरच्या पाटीवर नाव होतं, पण पाटी कुणी मोठ्यानं वाचत नाही. पप्पा घरच्यांच्या जागी माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा हात सारखा खिशातल्या पुस्तकाकडे जात होता. जाहीरमामांनी पेटीचा पुढचा कोपरा धरला होता. त्या वयात त्यांना तो पेलत नव्हता, पण सोडला नाही. माती लोटताना ते लहान मुलासारखे रडले. हे मी अशासाठी सांगते की कुणी त्यांना दगड समजू नये.

रविवारी मी, नोकरी सोडून आल्यापासून प्रथमच, खिडकीऐवजी चर्चमध्ये बसून आजाऱ्यांची प्रार्थना ऐकली. सुपरिटेंडंटसाहेबांनी तिकडे कुणालातरी पाठवलं होतं, म्हणून पप्पाही माझ्या शेजारी होते. जाहीरमामांनी माळी वाचला. वखारवाले वाचले. आजींचा मोतीबिंदू वाचला. आईचं नाव नव्हतं, कारण आई आता आजारी नव्हती. आमेन झालं. मग सूचना.

"महिला मंडळाची सभा बुधवारऐवजी गुरुवारी आहे," ते वाचू लागले. "हॉलमधल्या खुर्च्या ओढू नयेत, उचलाव्यात. आपले माजी पाळक यांच्या पत्नी गेल्या बुधवारी प्रभूमध्ये निजल्या." त्यांनी घसा साफ केला. "गायनवृंदानं उपासनेनंतर थांबावं."

तर आता आई वारली. झालं एकदाचं जाहीर. आणि त्या जाहीर होण्यातही तिचं नाव नव्हतं.

दारात मी जाहीरमामांना विचारलं, नाव का नाही घेतलं? ते खरोखर चकित झाले. पाळकांच्या घरातलं दुःख पाळकांच्या नात्यानंच जाहीर होतं, म्हणाले. पहिल्यापासून तसंच आहे, मानाचं असतं ते. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, पहिलं नाव तिचं.

"दिला होता," ते म्हणाले. "अजून चिठ्ठी खिशात आहे." त्यांनी काढून दाखवली. "पण आता कसं वाचू? आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही, पोरी. आपण मेथडिस्ट आहोत."

मला हलता येत नव्हतं, म्हणून मी तिथेच उभी राहिले, आणि माझ्यामागे गीतांची पुस्तकं परत द्यायला रांग लागली. जाहीरमामांना ते बघवेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि त्यांना जेवढं देता येत होतं तेवढं दिलं.

"लेखी दे," ते म्हणाले. "कमिटीपुढे ठेवतो."

मी त्याच दुपारी मंडळीच्या टेबलावर बसून लिहिलं. पप्पांना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, म्हणतील की अशी पद्धत नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, एका जागी क्रमाबद्दलचे पाच शब्द घातले, कागद माझ्याकडे सरकवला आणि बॅग भरायला उठले.

मा. सेक्रेटरी, पास्टोरेट कमिटी यांस,

विषय: आजारी सभासदाचे नाव मागील तारखेपासून वाचण्याबाबत.

महोदय, माझी आई ही आपल्या मंडळीची रीतसर सभासद असताना आजारी होती. तथापि, बदलीच्या तारखेपासून निधनापर्यंतच्या एकाही रविवारी तिचे नाव कोणत्याही मंडळीत वाचले गेलेले नाही. सदर कालावधीत ती जिवंत होती, ही बाब आपण स्वतः खिडकीतून पाहिलेली आहे. आपली मंडळी मृतांसाठी प्रार्थना करीत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. म्हणून ही प्रार्थना आजची न समजता त्या त्या रविवारची समजावी. तरी वरील सर्व रविवारांकरिता, उपासनेचा क्रम बिघडू न देता, तिचे बाप्तिस्म्याचे पूर्ण नाव आजाऱ्यांमध्ये एकेकदा वाचण्यात यावे, आणि प्रत्येक वेळी नाव वाचून झाल्यावर, इतरांस देण्यात येते त्याच मापाची शांतता ठेवण्यास मंजुरी मिळावी.